पट्टी

त्या वर्षी शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या सूचनेत एक नवा शब्द होता : ऑडिशन. माघी गणेशोत्सवात होणाऱ्या नाटकासाठी मंडळाने गावातल्या सर्व इच्छुकांना रविवारी सायंकाळी सहा वाजता सभागृहात बोलावले होते. नाटक ठरले होते ‘संगीत संशयकल्लोळ’. सूचना वाचणाऱ्यांपैकी तरुणांना त्या शब्दात काही विशेष वाटले नाही. दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धांनी तो शब्द घरोघरी पोहोचवलेलाच होता. जुन्या मंडळींना मात्र तो खटकला. त्यांच्या काळी नाटकाचे आधी ‘वाचन’ होई, मग भूमिकांचे ‘वाटप’ होई, आणि वाटप झाले की ज्याने त्याने आपापली ‘नक्कल’ वहीत उतरवून घ्यायची. या तिन्ही शब्दांत परीक्षेचा वास नव्हता. वाटप म्हटले की प्रसादाची आठवण होते. कोणाच्या हातावर किती पडेल ते सांगता येत नाही, पण हात रिकामा परत जात नाही. ऑडिशनमध्ये हात रिकामा परत जाऊ शकतो.

गाव कोकणातले, तालुक्याचे. भातझोडणी उरकल्यावर, मार्गशीर्षात तालमींना सुरुवात व्हायची आणि माघ शुद्ध चतुर्थीनंतर तिसऱ्या रात्री नाटक व्हायचे, ही तिथली अनेक पिढ्यांची रीत. नाटक संगीतच असावे, हाही दंडक. अशा गावांतून भूमिका या हळूहळू मानासारख्या होऊन बसतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे जसे विचारावे लागत नाही, तसेच नायक कोण गाणार, हेही विचारावे लागत नाही. या गावात सत्तावीस वर्षे नायक नाना गात होते. ‘सौभद्रा’तला अर्जुन, ‘मानापमाना’तला धैर्यधर, ‘संशयकल्लोळा’तला आश्विनशेट; नाटक बदले, नायक बदलत नसे. नाना एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. ध्वनिक्षेपकावरून गाड्यांची नावे पुकारणारा त्यांचा आवाज सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. उत्सवाच्या रात्री तोच आवाज पदे गातो, याचे अप्रूप दूरच्या वाड्यांवरून चालत येणाऱ्यांना दरवर्षी नव्याने वाटे. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षे झाली होती.

निवडीची गोष्ट मराठी संगीत रंगभूमीला नवी नाही. किंबहुना तिचा इतिहास हा बराचसा निवडींचाच इतिहास आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले अंक रंगभूमीवर आणले, तेव्हाच हे उघड झाले होते की या नव्या प्रकाराला नुसता नट पुरणार नाही, नुसता गवईही पुरणार नाही. दोन्ही एका देहात असलेला माणूस शोधावा लागेल. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि त्यांच्या आवाजाने त्या शोधाला उत्तर दिले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा त्याच मंडळीत दाखल झाला, आणि पुढे बालगंधर्व या नावाने त्याने संगीत नाटकाच्या श्रोत्यांचा कानच घडवला. १९१३ मध्ये बालगंधर्व बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली, किर्लोस्कर मंडळीत पोकळी झाली. त्यानंतर तिथे मंगेशीचे दीनानाथ आले. व्यावसायिक मंडळीतली ही निवड आयुष्य उलथेपालथे करणारी असे. निवडलेला मुलगा घर सोडी, कंपनीच्या बिऱ्हाडी जेवी, कंपनीबरोबर गावोगाव फिरे. मिसरूड फुटून आवाज फुटेपर्यंत त्याची सद्दी. नंतरचे नशीब नंतर.

हौशी मंडळात यातले काहीच पणाला लागलेले नसते. निवडलेल्याला बिदागी नाही, न निवडलेल्याची भाकरी जात नाही. दुसऱ्या दिवशी दोघेही आपापल्या कचेरीत, दुकानात, वर्गात असतात. तरीही हौशी मंडळातला नकार व्यावसायिकाच्या नकाराइतकाच लागतो, कधी अधिकच. याचे कारण उघड आहे. व्यवसायातला नकार बाजाराचा असतो. त्याला तोंड नसते, आणि त्याच्यावर राग धरून दुसऱ्या कंपनीत जाता येते. हौशी मंडळातला नकार शेजाऱ्याचा असतो. ज्याने नको म्हटले त्याच्याच दुकानातून सकाळी दूध आणायचे असते. आणि गावात दुसरी कंपनी नसते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांत या निवडीला आणखी एक पदर असतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे ही नुसती मराठी वस्तीची शहरे नव्हेत. मराठी नाटकाच्या वाटेवरचे ते मुक्काम होते. देवलांच्या ‘शारदे’चा पहिला प्रयोग १८९९ मध्ये झाला तोच मुळी इंदुरात. अशा ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या पिढीतले मूल वाचनाला उभे राहते, तेव्हा परीक्षकाचा कान आवाजाआधी ‘ळ’कडे लागतो, ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा निघतो की नाही, इकडे लागतो. तिथे भूमिका मिळणे म्हणजे भाषा आपल्याकडे अजून आहे, असा दाखला मिळणे. नकाराचा अर्थही मग तसाच खोल जातो.

स्त्रियांच्या निवडीचा तर वेगळाच इतिहास सांगावा लागेल. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची रूढी ओसरू लागली ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी भूमिका केली. मुंबईत जे १९३३ मध्ये झाले, ते तालुक्याच्या गावी पोहोचायला पुढची तीन-चार दशके लागली. मधल्या काळात गावाने एक तोड काढली होती : नायिका बाहेरून आणायची. एखाद्या शहरातली नटी ठरावीक ‘नाइट’ घेऊन दुपारच्या गाडीने यायची, संध्याकाळी नायकाबरोबर पदांवरून एकदा हात फिरवायची, रात्री प्रयोग करायची आणि पहाटेच्या गाडीने निघून जायची. तिने ते नाटक वीस गावांत केलेले असे, म्हणून तिला तालमीची गरज नसे. आणि गावाने तिला कधी निवडलेले नसे, म्हणून तिला नाकारण्याचा प्रश्नही येत नसे. नानांच्या पहिल्या आश्विनशेटासमोरची रेवती अशीच आली होती आणि अशीच गेली होती.

त्या रविवारी मात्र रेवतीच्या भूमिकेसाठी गावातल्याच तिघी आल्या होत्या. एक महाविद्यालयात शिकणारी, एक प्राथमिक शिक्षिका, आणि एक ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका. परिचारिकेबरोबर तिची सासू होती. सून गात असताना सासू मांडीवरच्या पिशवीवर नकळत ताल धरून होती, गाणे संपल्यावर तिने परीक्षकांना एकच प्रश्न विचारला, “तालमी किती वाजता सुटतील?” दिग्दर्शक निवृत्त मुख्याध्यापक होते, गाव त्यांना मास्तर म्हणे. ते म्हणाले, “दहाच्या आत, वहिनी. आणि घरापर्यंत सोबत देऊ.” सासूने मान हलवली. त्या संध्याकाळी खरी निवड कोणाची कोणी केली, हे सांगणे अवघड आहे. मंडळाने परिचारिकेला निवडले, हे खरे. पण त्याआधी एका घराने मंडळाला निवडले होते.

सभागृहाच्या एका बाजूला पायपेटी होती. भाते जुने, दोन सूर बसलेले. पेटीवर बसलेले गुरुजी गेली बावीस वर्षे नानांची साथ करीत होते. उमेदवार पुढे येई, गुरुजी विचारीत, “पट्टी?” तरुणांपैकी निम्म्यांना आपली पट्टी सांगता येत नसे. मग गुरुजी म्हणत, “बरं, गा नुसतं,” आणि दोन स्वरांत उमेदवाराचा षड्ज पकडून त्याच्याखाली सूर धरीत. आश्विनशेटासाठी पाच जण आले होते. त्यांतला एक सहकारी बँकेत नुकताच लागलेला मुलगा. शास्त्रोक्त शिक्षण बेताचेच. पदे त्याने भ्रमणध्वनीवर जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून उचलली होती. त्याच्या ताना कच्च्या होत्या, पण शब्द स्वच्छ होता. आणि आवाज वर जाताना त्याच्या चेहऱ्यावर कष्ट दिसत नव्हते. संगीत नाटकात ही शेवटची गोष्ट फार मोलाची असते. मैफलीत गवयाचे कष्ट दिसले तरी चालतात. नाटकात प्रेम करणाऱ्या माणसाचे कष्ट दिसून चालत नाही.

पाचव्या नावानंतर नाना उठले. त्यांचे नाव यादीत नव्हते. त्यांनी अर्ज दिला नव्हता, आणि त्यांच्याकडे अर्ज मागण्याचे धैर्य कोणाला झाले नव्हते. मास्तर घाईने म्हणाले, “नाना, तुम्हाला कशाला...” नाना म्हणाले, “सूचनेत सर्व इच्छुक असं लिहिलंय ना, मास्तर?” आणि पेटीशेजारी जाऊन उभे राहिले.

गुरुजींनी पट्टी विचारली नाही. त्यांनी सूर दिला आणि नानांनी पद उचलले. पहिली ओळ उत्तम गेली. सभागृह सैलावले, मागच्या बाकावरच्या कोणीतरी ‘वा’ म्हटले. दुसऱ्या ओळीच्या समेवर नाना थांबले. जन्मभर काळी दोनमध्ये गाणाऱ्या माणसाला पायाखालची जमीन अर्ध्या सुराने खाली गेलेली कळते. गुरुजींनी पांढरी दोन धरली होती. बावीस वर्षांच्या साथीने त्यांना शिकवले होते की गेल्या दोन उत्सवांत वरच्या पंचमाशी नाना कुठे अडत होते. त्यांनी ती अर्ध्या सुराची उसंत कोणाला न कळता देऊ केली होती. साथसंगत या शब्दाचा याहून सुंदर अर्थ कोणत्या कोशात सापडणार नाही.

नाना हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, पट्टी तीच ठेवा.”

गुरुजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि काळी दोन दिली. नानांनी पद पुन्हा पहिल्यापासून घेतले. वरच्या पंचमापाशी आवाज चिरला. त्यांनी तो झाकला नाही, खोकल्याचा आधार घेतला नाही, पद अर्धे सोडले नाही. शेवटची ओळ म्हणून, सम गाठून, पेटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि ते आपल्या जागी येऊन बसले.

या प्रसंगाचा निवाडा करणे सोपे आहे असे वाटते, आणि तिथेच चूक होते. नानांनी खालची पट्टी घेतली असती, तर कदाचित तीही निवड झाली असती. मंडळाने आणखी एक वर्ष मान राखला असता. परंतु तो मान होता, निवड नव्हती, हे त्यांना पेटीच्या पहिल्या सुरातच कळले होते. सत्तावीस वर्षांत त्यांची निवड कधी झालीच नव्हती. केवळ वाटप झाले होते. बहुधा म्हणूनच, ज्या दिवशी गावात पहिल्यांदा निवड आली, त्या दिवशी आपलीही एकदा व्हावी असे त्यांना वाटले असेल. ती व्हायची तर आपल्या पट्टीतच व्हायला हवी होती.

हौशी मंडळात भूमिका देताना माणसे एकमेकांविषयी काय समजतात, हेही उघड होत असते. मराठी नाटकाने हे सत्य स्वतःच एकदा रंगमंचावर मांडले आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकातली माणसे हौशी नटच आहेत. प्रयोगासाठी परगावी आलेली ही मंडळी, वेळ जावा म्हणून आणि गावातल्या सामंताला कामाची कल्पना यावी म्हणून, खोटा खटला उभा करतात. आरोपीची भूमिका बेणारेबाईंकडे येते ती खेळ म्हणून; पण ती तिच्याकडेच का आली, याचे उत्तर पुढच्या दोन अंकांत सर्वांना ठाऊक असल्याचे दिसून येते. सुलभा देशपांडे यांनी अविस्मरणीय केलेल्या त्या भूमिकेमागचे भय हेच आहे : परिचितांच्या मंडळात वाटून दिलेली भूमिका ही कधीच नुसती भूमिका नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झालेले ‘घाशीराम कोतवाल’ आहे. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणविसांची भूमिका करणारे मोहन आगाशे, दोघेही पेशाने डॉक्टर. नाटक हा त्यांचा धंदा नव्हता. या नाटकाचा प्राण असलेल्या मानवी भिंतीतल्या कोणालाही नाव नाही. तिला गाता यावे लागते, नाचता यावे लागते, आणि मुख्य म्हणजे योग्य क्षणी पाठ फिरवून उभे राहता यावे लागते. भूमिकेच्या लहानमोठेपणाचा हिशेब करणाऱ्या हौशी मंडळांना त्या भिंतीने जेवढे शिकवले, तेवढे कोणत्याही शिबिराने शिकवले नसेल. मात्र भिंतीत उभे राहण्याचे शहाणपण विशीत येते ते वेगळे आणि साठीनंतर यावे लागते ते वेगळे.

निवडीची यादी मंगळवारी लागली. आश्विनशेट बँकेतल्या मुलाकडे गेला. फाल्गुनरावापुढची जागा कोरी होती. बुधवारी मास्तर नानांच्या घरी गेले. चहा झाला. भाताचा, पावसाचा, मुलांच्या नोकऱ्यांचा विषय झाला. उठताना मास्तर म्हणाले, “फाल्गुनराव तुम्ही करावात, असं मंडळाला वाटतं. मलाही वाटतं.” नाना म्हणाले, “त्याला गाणं नाही.” मास्तर म्हणाले, “बोडसांनाही नव्हतं.”

मास्तरांचा दाखला बिनतोड होता. ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, ते वर्ष देवलांच्या निधनाचेही होते. त्या मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यासमोर गणपतराव बोडस आपल्या गद्याच्या बळावर उभे होते, आणि फाल्गुनराव ही त्यांची भूमिका गाजली ती निव्वळ शब्दफेकीवर. मोलिएरच्या प्रहसनाचे मूळ असलेल्या या नाटकात एका तसबिरीवरून संशय सुरू होतो. तरुण बायकोचा प्रौढ नवरा त्या संशयाने हैराण होतो आणि प्रेक्षक त्याला मनसोक्त हसतात. परंतु देवलांचे कसब असे, की हसता हसता हेही जाणवते : या माणसाचे दुःख बायकोविषयी नाही, आपले दिवस सरले, ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तरी तरुण चेहऱ्यात दिसणे, हे त्याचे दुःख आहे. मास्तर हे सगळे बोलले नाहीत. ते बोडसांचे नाव घेऊन थांबले. शहाणा दिग्दर्शक नटाला भूमिकेपर्यंत आणून सोडतो. आत ढकलत नाही.

तालमीला नारळ फुटला त्या दिवशी नाना आले. बरोबर एक जुनी, पुठ्ठ्याची वही होती : आश्विनशेटाची नक्कल. चार वेळा केलेल्या भूमिकेच्या खुणा तिच्यात होत्या. श्वास कुठे घ्यायचा तिथे तांबड्या शाईची रेघ, टाळी पडते तिथे फुली, प्रॉम्प्टरकडे पाहायचे नाही तिथे एक लहानसा डोळा काढलेला. त्यांनी ती वही बँकेतल्या मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, “सांभाळून वापर. परत हवी आहे.” मग ते मास्तरांकडे वळले आणि फाल्गुनरावाच्या पहिल्या प्रवेशाबद्दल विचारू लागले.

मुलाने घरी जाऊन वही चाळली, तेव्हा तिसऱ्या अंकात एक पान नव्हते. फाटलेले नव्हते, पात्याने कडेला सरळ कापून काढलेले होते. त्या पानावरचे पद कोणते, हे पुढच्या-मागच्या संवादांवरून कळत होते. निवडीच्या संध्याकाळी नानांनी म्हटले ते तेच पद. मुलाने नानांना विचारले नाही. गुरुजींनाही विचारले नाही. ते पद त्याने ध्वनिमुद्रिकेवरून बसवले. जिथे अडले तिथे आपल्या बुद्धीने वाट काढली. देणाऱ्याने सगळे दिले पाहिजे, असा आग्रह घेणाऱ्याने धरू नये, एवढी समज त्याला होती, आणि ती गाण्याच्या वर्गात शिकवली जात नाही.

प्रयोग झाला. परिचारिकेची रेवती गोड झाली. तिच्या पहिल्या पदाला सासूच्या रांगेतून वन्समोअर आला. फाल्गुनरावाने प्रेक्षकांना भरपूर हसवले. नाना हसवू शकतात, हे गावाला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हते. नायकाच्या मानाने ते झाकून ठेवले होते. तिसऱ्या अंकातले ते पद सुरू झाले, तेव्हा नाना विंगेत काठी घेऊन पुढच्या प्रवेशाची वाट पाहत उभे होते. मुलाने श्वास नानांच्या जागी घेतला नाही. दोन शब्द आधी घेतला, आणि त्यामुळे पुढची ओळ लांबट होऊन वेगळीच वाटली. गुरुजींनी पेटीवरून मान न वळवता विंगेकडे पाहिले. नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. एवढेच.

चार दिवसांनी मुलगा वही परत द्यायला आला. नाना घरी नव्हते. वहिनींच्या हाती देऊन तो गेला. रात्री नानांनी वही उघडून पाहिली. तिसऱ्या अंकात, कापलेल्या कडेला, एक नवे पान डकवलेले होते. पद मुलाच्या अक्षरात होते. श्वासाच्या रेघा तांबड्याच होत्या, पण जागा त्याच्या स्वतःच्या होत्या. वर कोपऱ्यात पट्टी लिहिली होती : काळी दोन.

नानांनी ते पान काढले नाही.